सोमवारची काच

माझ्या दादाला प्रयोगशाळेत सगळे शंभरी म्हणायचे. त्याचं वय तेव्हा बत्तीस होतं, त्यामुळे नव्या माणसाला आधी हसू यायचं आणि कारण कळलं की कंटाळा यायचा. हिवतापाच्या रोग्याच्या रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरायचा, वाळवायचा, त्यावर रंग चढवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली सरकवत सरकवत तो पाहायचा, हे त्याचं काम. भिंगातून एका वेळी जो गोल तुकडा दिसतो त्याला तिथे फील्ड म्हणत. असे शंभर फील्ड पाहिल्याशिवाय रक्त स्वच्छ आहे असं लिहायचं नाही, असा नियम होता. बाकीचे साठ-सत्तरवर आटपायचे आणि रजिस्टरात खुशाल शंभर लिहायचे. दादा शंभर पाहायचा. छत कोसळायला लागलं असतं तरी त्याने आधी अठ्ठ्याण्णव, नव्याण्णव मोजून घेतले असते आणि मग उठला असता.

मी त्याच प्रयोगशाळेत काचा धुवायची. नवरा लग्नानंतर दोन वर्षांत गेला आणि दादाने मला आपल्या घरी आणून या कामाला लावलं. परीक्षानळ्या, काचपट्ट्या, सुया, सगळं आधी ॲसिडच्या बरणीत, मग साबणाच्या पाण्यात, मग तीनदा साध्या पाण्यात. हाताची सालं निघायची. नळी नीट धुतलेली नसेल तर अख्खा निकाल खोटा ठरतो, असं डॉक्टर म्हणायचे, आणि मी ते दादाला रोज ऐकवायची. तुझं अर्धं संशोधन माझ्या मोरीत होतं, मी म्हणायची. तो मान हलवायचा आणि त्रेसष्ट, चौसष्ट मोजत राहायचा.

महायुद्ध संपून दहाएक वर्षं झाली होती. आमची प्रयोगशाळा टेकडीवर होती, तिच्यामागे नोकरमाणसांची घरं. प्रत्येक खिडकीला जाळी, गटारं झाकलेली, दर महिन्याला फवारणी. टेकडीवर डास औषधालाही सापडायचा नाही. खाली पाणथळीच्या काठी मात्र मोठी वस्ती होती, आणि डॉक्टरांचा सगळा जीव त्या वस्तीत अडकला होता. तिथली पाच वर्षांच्या आतली पोरं हिवतापाने पटापट जायची. मोठ्या माणसांच्या रक्तातही तेच जंतू असायचे, पण ती माणसं हसत-खिदळत डोक्यावर पाण्याचे हंडे घेऊन चढ चढायची. लहानपणापासून दरवर्षी ताप सोसून सोसून त्यांच्या रक्ताने लढायचं कसं ते शिकून घेतलं होतं. रक्तात हे शिकलेपण असतं कुठे, ते डॉक्टरांना शोधायचं होतं. वस्तीतल्या बायका दंड पुढे करायच्या, त्यांच्या रक्तातलं पिवळसर पाणी वेगळं काढून डॉक्टर ते बर्फाच्या पेटीत ठेवायचे आणि अत्यवस्थ पोरांना टोचून पाहायचे. त्या पाण्याला सीरम म्हणत. काही पोरं वाचायला लागली होती.

या सगळ्यात मिरीचं काम काय ते सांगते. मिरी म्हणजे दादाची मुलगी, वय सात, एकुलती एक. जन्मली तेव्हा दाण्याएवढी होती आणि बोलायला लागल्यापासून तिखट, म्हणून हे नाव. दर सोमवारी रंगाची नवी बाटली तयार व्हायची. रंग बरोबर उतरतोय की नाही हे पाहायला एका अशा माणसाच्या रक्ताची काच लागायची ज्याला कधीच हिवताप झालेला नाही. प्रयोगशाळेत असं माणूस कुठून आणायचं? डॉक्टरांपासून झाडूवाल्यापर्यंत प्रत्येकाला कधी ना कधी ताप येऊन गेला होता. मिरी टेकडीवरच जन्मलेली, जाळीच्या आत वाढलेली, तापाची साधी कणकणही तिला ठाऊक नव्हती. म्हणून दर सोमवारी शाळेत जाण्याआधी ती बोट टोचून घ्यायला यायची.

या काचेची एक पद्धत होती. रोग्याच्या काचेवर नुसता नंबर असायचा, आणि निकाल वाचून झाल्यावर लिहायचा. मिरीच्या काचेवर मात्र दादा आधी कागदाची चिठ्ठी चिकटवायचा, तारीख घालायचा, खाली लिहायचा, 'स्वच्छ'. मग बोट टोचायचा. कारण त्या काचेवर जंतू शोधायचेच नसत, फक्त रंग पाहायचा असायचा. लाल पेशी गुलाबी दिसतात ना, पांढऱ्या पेशींच्या आतलं बी जांभळं दिसतं ना, झालं. एक फील्ड, फार तर दोन. पुढच्या सोमवारी ती काच माझ्या बरणीत पडायची.

मिरी जंतूंना पाहुणे म्हणायची. बोट चोखत माझ्या मोरीपाशी यायची आणि विचारायची, "आत्या, आज कुणाकडे किती पाहुणे?" मी मनाला येतील ते आकडे सांगायची. बोट टोचून घेण्याबद्दल तिचा माझ्याशी करार होता. फुटक्या काचनळीने तिला साबणाच्या पाण्याचे फुगे उडवू द्यायचे, दर टोचणीला तीन. डॉक्टरांना एकदा तो फुगा नाकावर लागला होता. ते रागावले नाहीत, नाकावर माशी बसू न देणारा माणूस, पण मिरीपुढे विरघळायचा.

तिची बोट द्यायची हिंमत पाहून दादा तिला कधी कधी वस्तीत न्यायचा. तिथली पोरं सुई पाहिली की पळत सुटायची. मिरी सगळ्यांच्या देखत बोट पुढे करायची, टोचून घ्यायची आणि ऐटीत म्हणायची की मला तर काहीच झालं नाही. मग एकेक जण रांगेत यायचा. वस्तीत जाताना आम्ही सगळे आठवड्याची हिवतापाची गोळी घेऊन जायचो. मिरीला गोळी नसायची, कारण जिच्या रक्ताशी ताडून पाहायचं तिच्या रक्तात औषध नको. शिवाय दिवसाउजेडी जायचं, चारला परत यायचं, त्यात डास कुठून चावणार?

एका बुधवारी वस्तीतच गाडीचं चाक पंक्चर झालं. दुसरं चाक टेकडीवरून खाली यायला आणि बसायला दिवेलागण झाली. मिरी पाण्याच्या कडेला वस्तीतल्या पोरींशी खेळत होती. आली तेव्हा पोटऱ्या खाजवत होती आणि तिची टकळी चालूच होती. वहिनीने थोडी कुरकुर केली, हातपाय धुतले आणि तिला झोपवलं.

त्यानंतरचा दुसरा सोमवार बारा दिवसांनी आला. दादाच्या टेबलावर वस्तीतल्या चाळीस काचा थांबल्या होत्या आणि डॉक्टर डोक्यावर उभे होते. मी धुतलेल्या काचांचा ट्रे घेऊन तिथेच होते, म्हणून हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलं आहे. दादाने चिठ्ठी लिहिली, मिरीचं बोट टोचलं, काच रंगवली, वाळवली, भिंगाला डोळा लावला. एक फील्ड. दुसरं फील्ड. म्हणाला, "रंग झकास." आणि काच बाजूला ठेवून चाळीसातली पहिली उचलली. मिरीने त्या दिवशी फुगे उडवले नाहीत. उद्या सहा उडवीन म्हणाली आणि दप्तर ओढत गेली. पोरीला कंटाळा आला असेल, असं मी समजले.

मंगळवारी संध्याकाळी ती घराच्या मागच्या पायरीवर वहिनीला टेकून बसली होती. वहिनी तिच्या फ्रॉकचं काज शिवत होती. ती मागची पायरी तेवढी जाळीच्या बाहेर होती. बुधवारी तिला ताप भरला.

वहिनी शिकलेली नव्हती, पण वेडीही नव्हती. ती दादाला म्हणाली, "अहो, तिचं रक्त बघा ना एकदा."

दादा म्हणाला, "परवाच पाहिलंय की. स्वच्छ आहे. सर्दीचा ताप असेल."

तो खोटं बोलत नव्हता, हे मला फार वर्षांनी समजलं. ज्याने हजारो काचा शंभर शंभर फील्ड वाचल्या, त्याला ही आपण वाचलीच नाही हे आठवेना. आठवणार कसं? चिठ्ठीवर स्वच्छ लिहिलेलं होतं, त्याच्याच अक्षरात. मीही तिथेच उभी होते. मला आठवायला हवं होतं. मी तिच्या कपाळावर ओली पट्टी ठेवत होते आणि दादाने पाहिलंय म्हणजे पाहिलंय, एवढंच माझ्या मनात होतं.

गुरुवारी सकाळी ताप उतरला, तिने दोन घास खाल्ले, आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला. शुक्रवारी सकाळी तिला झटका आला आणि डोळे वर गेले. डॉक्टर पायातल्या सपाता न बदलता धावत आले. त्यांनी स्वतः बोट टोचलं. रंग चढेपर्यंतचा वेळ कसा गेला ते मला सांगता येणार नाही. काच वाचायला दादाच बसला, दुसऱ्या कुणाला तो हात लावू देईना. त्याने भिंगाला डोळा लावला आणि पहिल्याच फील्डवर थांबला. मोजायला काही उरलंच नव्हतं.

हिवतापावरच्या कोयनेलचं इंजेक्शन शिरेतून दिलं. डॉक्टरांनी बर्फाची पेटी उघडली आणि वस्तीतल्या पोरांसाठी ठेवलेलं सीरम काढलं. संध्याकाळी वस्तीतली एक बाई टेकडी चढून आली. तिचा धाकटा त्याच सीरमने वाचला होता. तिच्या रक्तात त्याही दिवशी जंतू असणार आणि ती धापाही न टाकता वर आली होती. दारात उभी राहून तिने बाही वर केली आणि डॉक्टरांना म्हणाली, "माझं आणखी घ्या. लागेल तेवढं घ्या." डॉक्टरांनी घेतलंही. पण वस्तीची पोरं थोडंफार लढणं घेऊन जन्मतात, आमच्या मिरीच्या रक्ताला काहीच येत नव्हतं. आम्ही सात वर्षं तिला कौतुकाने कोरं ठेवलं होतं. ती शनिवारी सकाळी नऊच्या सुमाराला गेली.

त्याच दुपारी दादा किल्ली घेऊन प्रयोगशाळेत गेला. घरात माणसं जमलेली, आणि हा निघाला. एका शेजाऱ्याने तोंड वाकडं केलं तेव्हा मी त्याला बाहेरचा रस्ता दाखवला. मला वाटलं, एकट्याने रडायला गेला असेल. अर्ध्या तासाने परत आला, वहिनीच्या शेजारी भिंतीला टेकून बसला. रडलेला दिसत नव्हता.

सोमवारी मी कामावर गेले. लोकांनी नावं ठेवली, पण घरात बसले असते तर मला वेड लागलं असतं. धुवायच्या ट्रेमध्ये ती काच होती. मागच्या सोमवारची तारीख, खाली 'स्वच्छ'. आणि मोरीपाशी उभं असताना अचानक मला सगळं दिसलं. एक फील्ड, दुसरं फील्ड, रंग झकास. दादाने ही काच आता पाहिली आणि तिच्यात काही सापडलं, तर तो जगणार नाही, एवढंच मला कळलं. बरणीत टाकली असती तर प्रश्न मिटला असता. पण ते मिरीचं रक्त होतं. तिचं जगात तेवढंच उरलं होतं, आणि ते धुऊन टाकायला माझाच हात होता. मी काच रुमालात गुंडाळून पोलक्यात खुपसली.

दहाच्या सुमारास दादा मोरीच्या दारात आला. मला न बघता म्हणाला, "मागच्या सोमवारची काच धुतलीस?"

"धुतली," मी म्हणाले.

"बरं झालं," तो म्हणाला आणि गेला.

घरी माझ्या बटणांच्या डब्यात, कापसाच्या घडीत, ती काच गेली ती तिथेच राहिली. मला वाटत होतं, मी माझ्या भावाला वाचवलं.

खरी गोष्ट इथून पुढची आहे. वहिनीने स्वतःपुरता हिशेब लावला. सोमवारी रक्त स्वच्छ होतं. बुधवारी ताप आला. म्हणजे मंगळवारी संध्याकाळी त्या मागच्या पायरीवर डास चावला, आणि पोरीला पायरीवर घेऊन बसली कोण? ती. डॉक्टर भेटायला आले तेव्हा त्यांनी तिला समजावलं की असं होत नाही, डास चावल्यावर ताप यायला दहा-बारा दिवस लागतात, हे गाडीचं चाक बिघडलं त्या दिवशीचं असणार.

"मग सोमवारी रक्तात दिसलं असतं ना?" वहिनी म्हणाली.

डॉक्टर म्हणाले की थोडे जंतू असले तर नजरेतून सुटू शकतात.

"ह्यांच्या?" वहिनी म्हणाली. "हे शंभर बघतात, डॉक्टर."

डॉक्टरांनी दादाकडे पाहिलं. दादाने जमिनीकडे पाहिलं. मी आत जाऊन उगाच भांडी वाजवली. त्या दिवशी आम्हा दोघांपैकी कुणीतरी एकाने तोंड उघडायला हवं होतं. ते एक वाक्य बोलायला दादाला धीर झाला नाही आणि मी मूग गिळून बसले, आणि मग ते बोलणं दर महिन्याला जास्तच अवघड होत गेलं.

वहिनीने घराला आणखी एक जाळी लावून घेतली. मागचं दार ती उघडायची नाही, मग कपडे वाळत घालायला अख्ख्या घराला वळसा घालून जायची. भर पावसातही वळसाच. पुन्हा मूल झालं नाही. हसायची, माझी टिंगल करायची, शेजारणीच्या बाळंतपणाला धावायची, सगळं करायची. पण एखाद्या संध्याकाळी बोलता बोलता गप्प व्हायची आणि आम्हाला कळायचं की ती पायरीवर आहे.

दादा कामात विचित्र झाला. दर सोमवारी रंगाच्या तपासणीसाठी दुसऱ्या कुणाची काच घ्यायचे, आणि दादा ती शंभर नव्हे, दोनशे फील्ड वाचायचा. चिठ्ठी आधी लिहू द्यायचा नाही. नव्या माणसाने लिहिलेली सापडली तर सगळ्यांदेखत फाडायचा. पोरं त्याच्या मागे हसायची. डॉक्टर हसले नाहीत. त्यांचा तो सीरमचा निबंध परदेशात छापून आला, मोठं नाव झालं, वस्तीतली कितीतरी पोरं त्या कामामुळे जगली आणि मला त्याचा आनंद आहे. निबंधात एक तक्ता होता. त्यातल्या शेवटच्या ओळीत टेकडीवरची एक मुलगी, वय सात, जंतू आढळले नाहीत. दादाने तो निबंध घरी आणला नाही. मी प्रयोगशाळेत कुणाकडून तरी वाचून घेतला.

अशी एकोणीस वर्षं गेली. वहिनीला मूत्रपिंडाचं दुखणं लागलं आणि ती खाटेला खिळली. जाण्याच्या चार दिवस आधी मी तिचे केस विंचरत होते. ती म्हणाली, "त्या मंगळवारी मी तिला घरात घ्यायला हवं होतं गं."

बटणांचा डबा चार हातांवर, फळीवर होता. मी उठले नाही. म्हणाले, वहिनी, तसं नाही. ती म्हणाली, तू मनाची चांगली आहेस. मी केस विंचरत राहिले. दादाबद्दल मी काहीबाही बोलते, पण या एका गोष्टीत मी त्याच्याहून बरी नाही.

ती गेल्यावर तीन आठवड्यांनी, रविवारी सकाळी, दादा माझ्या खोलीत आला. चहाही न घेता खुर्चीत बसला.

"ती काच दे," तो म्हणाला.

"कुठली?"

"जी तू धुतली नाहीस. त्या दिवशी वाळत घातलेल्या काचा मी मोजल्या होत्या, एक कमी होती."

मी डबा काढला. झाकण ओढताना बटणं जमिनीवर सांडली. कापूस पिवळा पडला होता. मी त्याला म्हणाले की पाहू नकोस, आता पाहून काय होणार आहे.

"मी पाहिली आहे," तो म्हणाला. "मिरी गेली त्याच दुपारी. तिसऱ्या फील्डमध्ये जंतू होते. मी दोन पाहून उठलो होतो."

तो रडेल म्हणून मी थांबले. तो रडला नाही, मीच रडले. मग मला इतका संताप आला की मी त्याला विचारलं, तुला माहीत होतं तर वहिनीला का नाही सांगितलंस, एकोणीस वर्षं तिला त्या पायरीवर का ठेवलंस. म्हणाला, काच धुतली असं तू म्हणालीस तेव्हा वाटलं, आता कुणाला कळणार नाही. तिची माझ्यावर श्रद्धा होती. ती श्रद्धाच गेली असती तर मी कुठे जाणार होतो? उद्या सांगू, उद्या सांगू, असं रोज ठरवायचो.

मग त्याने माझ्याकडे दौत-टाक मागितला. काच मांडीवर धरली. 'स्वच्छ' या शब्दावर त्याने एक सरळ रेघ मारली, रजिस्टरात चूक खोडतात तशी, खालचं अक्षर वाचता येईल अशी. बाजूला लिहिलं, 'जंतू आहेत'. तारखेच्या वर थोडी जागा होती, तिथे लिहिलं, 'मिरी'. शाई वाळेपर्यंत फुंकर मारत बसला. पन्नाशी ओलांडलेला माणूस, पण फुंकर मारताना त्याचे गाल मिरीसारखेच फुगत होते, फुगे उडवतानाचे.

"हे आधी तुझ्या वहिनीला दाखवायला हवं होतं," तो म्हणाला.

"हो," मी म्हणाले.

त्याने काच माझ्या हातात दिली. माझ्या खोलीतून स्वयंपाकघरात गेला, मागच्या दाराची कडी काढायचा प्रयत्न करू लागला. ती गंजली होती, मला जाऊन हात लावावा लागला. दार उघडलं तेव्हा तो त्या पायरीवर बसला, एका कडेला, शेजारी एका माणसाची जागा सोडून. दुपारी जेवायला बोलावलं तरी तो उठला नाही. वहिनी एकोणीस वर्षांत त्या पायरीवर एकदाही बसली नव्हती.